पाच मिनिटांनी मोठे

बत्तीस वर्षं मी खुर्च्या सारल्या. हायकोर्टात न्यायमूर्ती उठले की खुर्ची मागे घ्यायची, बसायला लागले की अलगद पुढे सारायची, हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं, एकदा करून बघा. जरा आधी सारली तर साहेबांच्या पोटऱ्यांना लागते. जरा उशिरा सारली तर भर कोर्टात, वकिलांच्या देखत, न्यायमूर्ती अधांतरी. माझ्या हातून बत्तीस वर्षांत एकही साहेब अधांतरी राहिले नाहीत. हे मी आता गावी, पवनीत, कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला तेव्हा त्यांना हवे होते गाजलेले खटले. मी म्हटलं, खटले वकिलांना विचारा. आम्हा चोपदारांचं लक्ष वेगळीकडे असतं. साहेबांचा चष्मा कुठे आहे, पाण्याच्या ग्लासावर झाकण आहे की नाही, ते आता उठणार की अजून पाच मिनिटं बसणार, हे आम्ही बघतो. युक्तिवाद कानावर पडतो तेवढाच.

चोपदार म्हणजे न्यायमूर्ती आपल्या खोलीतून कोर्टात निघाले की त्यांच्यापुढे चांदीच्या मुठीची काठी घेऊन चालणारा माणूस. पांढरा पोशाख, लाल पट्टा, छातीवर बिल्ला. माझ्या थोरल्या मुलीने चौथीत असताना 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात 'न्यायाच्या पुढे चालणे' असं लिहिलं होतं. बाईंनी ते खोडून 'शिपाई' केलं. दोघीही बरोबर होत्या.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हायकोर्ट कायद्यावर चालतं. चालतंच. पण कायद्याच्या आधी तिथे एक क्रम चालतो. जो आधी न्यायमूर्ती झाला तो मोठा. वय मोजत नाहीत, पांढरे केस मोजत नाहीत, शपथ कधी घेतली तेवढं मोजतात. त्या क्रमाने खोल्या मिळतात, बंगले मिळतात, गाड्या रांगेत लागतात, ग्रुप फोटोत खुर्च्या मांडल्या जातात. दोघांचं खंडपीठ बसलं तर मोठे उजव्या हाताला, लहान डाव्या हाताला. वकील मोठ्यांकडे बघून बोलतात. लहान साहेबांना काही विचारायचं असलं तर ते आधी मोठ्यांच्या कानाशी झुकतात. निकालपत्राखालीही मोठ्यांची सही उजवीकडे.

आणि जसे साहेब तसे चोपदार. कोर्टामागच्या टपरीवर आमचा चहा यायचा तो याच क्रमाने. मी अठ्ठावन्नचा झालो होतो तरी माझ्याआधी कप जायचा शंकरला. शंकर जेमतेम पस्तिशीचा, मला काका म्हणणारा, पण त्याचे साहेब माझ्या साहेबांपेक्षा मोठे. किती मोठे? पाच मिनिटांनी.

ते असं झालं होतं. दोघांची शपथ एकाच सकाळी. शंकरचे साहेब वकिलीतून आलेले, अठ्ठेचाळीस वर्षांचे, त्यांचं नाव यादीत वर. माझे साहेब खालच्या कोर्टातून एकेक पायरी चढत आलेले, सत्तावन्न वर्षांचे, त्यांचं नाव खाली. आधी एकाने कागद वाचून सही केली, मग दुसऱ्याने. मधे गेली पाच मिनिटं, आणि ती कायमची झाली. आम्ही कर्मचारी शंकरच्या साहेबांना 'वरचे साहेब' म्हणायचो. इथेही तसंच म्हणतो, म्हणजे घोटाळा नको.

खरी गंमत पुढेच आहे. वरचे साहेब कोवळे वकील होते तेव्हा त्यांनी आपलं पहिलं प्रकरण भंडाऱ्याला चालवलं होतं, आणि समोर न्यायाधीश होते माझे साहेब. घाबरलेलं पोर गळ्याची पांढरी पट्टीच घरी विसरलं. माझे साहेब रागावले नाहीत. "तुमचं प्रकरण जेवणानंतर घेऊ," एवढंच म्हणाले. पोराने धावत जाऊन कुणाची तरी पट्टी आणली. हे मला वरच्या साहेबांनीच सांगितलं होतं, एकदा नव्हे, चार-पाचदा.

असे हे दोघे पुढे एका खंडपीठात आले. पहिल्या दिवशी दोघे कोर्टाच्या मागच्या दाराशी पोचले आणि वरचे साहेब थांबले.

"सर, आधी तुम्ही."

"छे, नियम आहे. चला तुम्ही."

"सर, तुमच्यापुढे कसा जाऊ?"

"तुम्ही गेलात तरच मला जाता येईल."

आत वकील उभे, कारकून उभे, आणि दारात दोन न्यायमूर्ती लग्नातल्या व्याह्यांसारखे अडलेले. शंकरने माझ्याकडे बघितलं, मी शंकरकडे. शेवटी मी घसा खाकरून शंकरला डोळ्याने खुणावलं, 'चल'. तो काठी घेऊन आत गेला. चोपदार गेल्यावर साहेबांना जाणं भाग पडलं. तेव्हापासून रोज दाराशी वरचे साहेब अर्धं पाऊल थबकायचे, माझे साहेब मान हलवायचे, आणि मग ते आत जायचे. तेवढं अर्धं पाऊल त्यांनी कधी चुकवलं नाही. मला ते फार आवडायचं.

आता सुनंदाबाईंची गोष्ट. लाखांदूरजवळच्या एका खेड्यातली ही बाई. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत परिचर होते, नोकरीत असतानाच वारले. भाऊ नाही. हिने वडिलांच्या जागी अनुकंपा नोकरी मागितली, तर उत्तर आलं की लग्न झालेली मुलगी बापाच्या घरात मोडत नाही. नवरा राइस मिलमध्ये हमालीला, आणि अंथरुणाला खिळलेली आई हिच्याच घरी, हिच्याच हातून जेवणारी. ती हायकोर्टात आली. वकील म्हणाला होता की यायची गरज नाही, तरी प्रत्येक तारखेला एसटीने यायची आणि कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून राहायची.

मी शुक्रवारी कोर्ट सुटल्यावर पवनीला घरी जायचो, ती लाखांदूरला, एसटी एकच. तिने मला बिल्ल्यावरून ओळखलं होतं. एकदा शेजारची सीट रिकामी दिसली तशी येऊन बसली.

"भाऊ, तो पांढऱ्या केसाचा साहेब मोठा हाय ना? माही फाइल त्याच्याच हातात हाय ना?"

मी म्हटलं, "नाही बाई, तो लहान. काळ्या केसाचा मोठा."

तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, "म्हंजे आमच्या घरासारखंच हाय. माही जाऊ माह्याहून सात वर्सानं लहान. पण थोरल्याची बायको, मंग मोठी तेच. मी तिच्या पाया पडतो, तिले लाज वाटते. पन करता काय?"

वकिलांच्या पुस्तकांत ज्येष्ठतेवर पानंच्या पानं असतील. मला यापेक्षा नीट कुणी समजावलेलं नाही.

मग तिने विचारलं, "भाऊ, काय होईन?" मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "मी काठीवाला. मले काय माहीत?" आमच्या धंद्यात हे वाक्य पाठ असावं लागतं. साहेबांच्या खोलीत ऐकलेलं खोलीतच ठेवायचं. बायकोलाही मी कधी काही सांगितलं नाही. ती म्हणायची, तुमच्याशी लग्न म्हणजे कुलपाशी लग्न.

शेवटच्या सुनावणीचा दिवस मला चांगला आठवतो. वरचे साहेब नियमाला धरून कडक प्रश्न विचारत होते. सुनंदाबाईंचा वकील घामाघूम झाला होता. तेवढ्यात माझे साहेब उजवीकडे झुकले आणि काहीतरी बोलले. वरच्या साहेबांनी मान हलवून विचारलं, "आईला कोण सांभाळतं?" वकील कागद चाळायला लागला. मागे उभ्या असलेल्या सुनंदाबाईंनी शाळेत करतात तसा हात वर केला आणि बोट स्वतःकडे वळवलं. माझ्या साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. निकाल राखून ठेवला गेला. तो लिहायचा होता माझ्या साहेबांनी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. साहेबांना निवृत्त व्हायला जेमतेम दोन महिने राहिले होते. न्यायमूर्ती निवृत्त झाले की त्यांची सही चालत नाही. निकाल त्याआधी दोघांच्या सहीने जाहीर व्हायला हवा, नाहीतर ऐकलेलं सगळं पाण्यात. नवी जोडी बसते, पुन्हा पहिल्यापासून. आणि सुनंदाबाईंकडे तेवढा वेळ नव्हता. अनुकंपाच्या यादीत पंचेचाळीस पूर्ण झालं की नाव कटतं. तिचं पंचेचाळीसावं सरत आलं होतं.

साहेबांनी पंधरा दिवसांत मसुदा लिहिला. ते जुन्या वळणाचे, मसुदा कागदावरच पाठवायचे. स्टेनोने तो पाकिटात घालून चिकटवला, वर प्रकरणाचा नंबर टाकला, आणि माझ्या हातात दिला. असं पाकीट मी नेहमी वरच्या साहेबांच्या खोलीत नेऊन टेबलाच्या उजव्या खणात ठेवायचो. तो खण ते स्वतःच उघडत. याची नोंद कुठल्या वहीत होत नाही. सही घेणं म्हणजे पोच मागणं, आणि लहानाने मोठ्याकडे पोच मागायची नसते.

त्याच आठवड्यात सगळ्यांत वरिष्ठ न्यायमूर्तींची बदली झाली. असं झालं की आमच्याकडे दारं सरकतात. पहिली खोली रिकामी झाली की दुसरीतले पहिलीत, तिसरीतले दुसरीत, सगळे एकेक दार पुढे. पाट्या बदलतात, पुस्तकांच्या पेट्या कॉरिडॉरमध्ये येतात. टेबलं मात्र हलत नाहीत, ती खोलीची. वरच्या साहेबांची खोली नियमाने माझ्या साहेबांकडे यायची होती. साहेब म्हणाले, "दीड महिन्यासाठी कशाला पुस्तकं हलवता? राहू दे मला इथेच." मग त्यांच्या खालच्यांनाही ती खोली घ्यायचा संकोच झाला. त्यांना ओलांडून कसं जायचं? ती खोली रिकामीच राहिली.

सरकायला सुरुवात झाली त्या दिवशी मी रजेवर होतो, पवनीला नातीचं नामकरण होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकीट घेऊन गेलो. दारावर पाटी तीच, कपाटात पुस्तकं तशीच, ती दुपारी हलायची होती. मी उजव्या खणात पाकीट सरकवलं आणि खण लावून आलो. खण आदल्या संध्याकाळीच रिकामे करून सामान पुढच्या खोलीत गेलं होतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. आमची स्वतःची खोली हलली नव्हती, म्हणून माझे पायही जुन्याच दाराला गेले. दुपारी पुस्तकं गेली, पाटी गेली, खोलीला कुलूप लागलं.

पुढे जे झालं ते दुसऱ्या कुठल्या कचेरीत झालं नसतं. तिथे आठ दिवसांत कुणीतरी ओरडलं असतं, अरे त्या कागदाचं काय झालं? इथे दोघे रोज शेजारी बसत होते. त्यांच्या खुर्च्यांमध्ये हातभर अंतर. माझ्या साहेबांना वाटायचं, वरचे साहेब विचार करताहेत, मोठ्यांना घाई कशी करायची? वरच्या साहेबांना वाटायचं, सर अजून लिहिताहेत, आपल्या गुरुस्थानी असलेल्या माणसाला तगादा कसा लावायचा? दोघेही एकमेकांचा मान राखत गप्प राहिले. आणि पाकीट दोघांच्या मधल्या बंद खोलीत अंधारात पडून होतं.

एका शुक्रवारी एसटीत सुनंदाबाई दिसल्या. वकिलाकडे जाऊन आल्या होत्या. यावेळी मीच त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. भिवापूर मागे पडल्यावर त्या म्हणाल्या,

"आई गेली, भाऊ. मागच्या मंगळवारी."

मी हात जोडले.

"निकाल काहून नाई लागून राहिला?" त्यांनी विचारलं. रागाने नव्हे, नुसतं विचारलं. "तो साहेब रिटायर होऊन राहिला मंते वकील. मंग तं सगळं डबल करा लागन."

"मी काठीवाला, बाई," मी म्हटलं. पण पुढचं 'मले काय माहीत' मला म्हणवलं नाही.

सोमवारी टपरीवर शंकरचा कप आला, मग माझा. मी तो बाजूला ठेवला. चोपदाराने दुसऱ्या चोपदाराला साहेबांच्या कागदांबद्दल विचारू नये, हा आमच्यातला पहिला धडा, आणि तो शंकरला मीच शिकवला होता.

"शंकर, तुह्या साहेबाकडे एक पाकीट पडून हाय. लाखांदूरच्या बाईचं. त्याचं काय होऊन राहिलं?"

शंकरने कप खाली ठेवला. "कोनतं पाकीट, काका? आमचे साहेब परवाच घरी मॅडमले फोनवर सांगून राहिले होते, सर अजून लिहून राहिले, मी इचारू कसा म्हणून."

मी तसाच धावलो. केअरटेकरकडून किल्ली घेतली, ती जुनी खोली उघडली. आत बंद हवेचा वास होता. उजवा खण ओढला. पाकीट मी ठेवलं होतं तसंच होतं, जरासं तिरकं.

साहेबांना निवृत्त व्हायला चार दिवस उरले होते.

मी पाकीट घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. आई वारल्याचंही सांगितलं. साहेब पाकिटाकडे बघत होते.

"किती दिवस झाले, रामटेके?"

"एक्केचाळीस, साहेब."

"मग एक्केचाळीस दिवस मीही चुकलो," ते म्हणाले. "एका वाक्यात विचारता आलं असतं मला. मी मनाला सांगत होतो, हा शिष्टाचार आहे. खरं म्हणजे तो माझा ताठा होता. या वयात धाकट्याकडे जाऊन विचारायचं, हे जड जात होतं."

ते उठले, कोटाची बटणं लावली आणि पाकीट हातात घेतलं. वरच्या साहेबांकडे स्वतः जायला निघाले होते. तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेर वरचे साहेब उभे होते, मागे तोंड पाडून शंकर. त्याने तिकडे सांगितलं होतं. मोठे न्यायमूर्ती असे न कळवता लहानांच्या खोलीवर येत नाहीत. माझ्या बत्तीस वर्षांत मी हे एकदाच पाहिलं.

"सर, येऊ का आत?" त्यांनी विचारलं.

दोन खुर्च्या, दोघेही उभे, आणि मला कळेना की आधी कुणाची खुर्ची घ्यावी. वरच्या साहेबांनी पाहुण्यांची खुर्ची स्वतःच ओढली आणि तिथेच बसून पाकीट फोडलं. मी बाहेर आलो. शंकर म्हणाला, "काका, रागावू नका." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघे दाराबाहेर उभे राहिलो. आत बराच वेळ पानं उलटल्याचाच आवाज येत होता.

मग घंटी वाजली. मी चहा घेऊन आत गेलो तेव्हा वरचे साहेब म्हणत होते, "सर, मी उलट लिहायच्या विचारात होतो. नियम सरळ तिच्या विरोधात दिसत होता."

"मग लिहा की," माझे साहेब म्हणाले. "तुमचं मत वेगळं असलं तर वेगळं लिहा. माझ्या वयाकडे बघून सही करू नका."

"वयाकडे बघून नाही. आईला सांभाळते ती घरातलीच, हे तुमचं आठवं पान वाचलं म्हणून करतोय." त्यांनी पेन काढलं आणि मग माझ्याकडे वळले. "रामटेके, त्या बाईचं वय किती?"

"पुढच्या महिन्यात पंचेचाळीस पूर्ण होते, साहेब." एसटीतलं ज्ञान मी पहिल्यांदाच कोर्टाच्या कामी लावलं.

त्यांनी कागदावर तारीख पडताळली आणि शेवटच्या पानावर हाताने एक ओळ वाढवली. मला ती नंतर कळली. वय मोजताना कोर्टात गेलेला काळ धरू नये, अशा अर्थाची ती ओळ होती. लिहिता लिहिता ते म्हणाले, "हा वेळ तिचा नव्हता, सर. आपला होता."

माझे साहेब चष्मा पुसायला लागले. मी चहा ठेवून बाहेर आलो आणि कॉरिडॉरच्या खांबाआड जाऊन डोळे पुसले. मला कुणी एक शब्द बोललं नाही, आणि त्याचंच मला फार लागलं.

दोन दिवसांनी निकाल जाहीर झाला. वरच्या साहेबांनी कोर्टात सांगितलं, "निकाल माझे सहकारी वाचतील." सुनंदाबाई त्या दिवशी आल्या नव्हत्या. वकिलाने बाहेर जाऊन फोन लावला. मी बाकाकडे बघितलं, तिथे दुसरंच कुणी बसलं होतं.

निवृत्तीच्या दिवशी मागच्या दाराशी वरचे साहेब थबकले, ते अर्धं पाऊल नव्हे, पुरतेच थांबले. "सर, आज तरी तुम्ही पुढे."

साहेब हसले. "अजून साडेचार वाजायचे आहेत. तोवर मी लहानच."

साडेचारला कामकाज संपलं. खोलीत जाऊन साहेबांनी काळा कोट काढला, मी तो घडी करून पेटीत ठेवला. मग ते नुसत्या शर्टात बाहेर आले. वरचे साहेब कोटातच वाट बघत होते. त्यांनी वाकून नमस्कार केला, आणि जिन्यावरून खाली उतरताना एक पायरी मागे राहिले. मी काठी खोलीतच ठेवून आलो होतो, पण सवयीने पुढे चाललो. शंकर माझ्या मागे. गेटपर्यंत आम्ही चौघे असेच गेलो.

मी निवृत्त होऊन पवनीला आलो, त्यालाही आता काही वर्षं झाली. नात शाळेत जाते. पण एक काम राहिलं होतं. सुनंदाबाईंना ते एक्केचाळीस दिवस कुणामुळे गेले, हे कधी कळलं नव्हतं. सांगू नये, असं माझी जुनी शिस्त म्हणत होती. सांगावं, असं बाकी सगळं म्हणत होतं. गेल्या वर्षी धान कापणी सुरू होती तेव्हा मी लाखांदूरची एसटी पकडली.

शाळेच्या व्हरांड्यात त्या घंटेखाली स्टुलावर बसल्या होत्या. निळी साडी, चष्मा लागलेला. मला बघून उठल्या. "अरे देवा, काठीवाले भाऊ!" मला आपलं स्टूल दिलं, स्वतः पायरीवर बसल्या. आतून एक तिशीचा माणूस 'सुनंदाबाई, चहा' म्हणून ओरडला.

"तो आमचा शिनिअर," त्या हळूच म्हणाल्या. "माह्या पोराएवढा हाय, पन माह्याआधी लागला. या वयात सगळ्यात लहान मीच."

आम्ही दोघेही हसलो. मग मी सांगायला सुरुवात केली. पाकीट, खण, कुलूप, सगळं. शेवटी म्हटलं, "बाई, माह्या चुकीपायी तुमची आई निकाल न आयकता गेली. त्याची माफी मागाले आलो."

त्यांनी मैदानाकडे पाहिलं. पोरं खो-खो खेळत होती.

"आई आयकून गेली, भाऊ," त्या म्हणाल्या.

"म्हंजे?"

"शेवटच्या तारखेले म्या हात वर केला ना, तवा त्या पांढऱ्या केसाच्या साहेबानं माह्याकडे पायलं. तुमी मनले होते तो लहान हाय. पन मले त्याचे डोये पाहूनच समजलं. घरी गेली आन आईले सांगतलं, लागला निकाल, भेटली नोकरी. बुढी शेवटपर्यंत त्याच खुशीत होती. येईन त्याले सांगे, माही पोरगी तिच्या बापाच्या जागेवर लागली मने."

त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि परत लावला.

"मी काही खोटं नाई बोलली, भाऊ. तुमच्या कोर्टाले जरा उशीर झाला."

आतून पुन्हा हाक आली. त्या उठल्या, आत गेल्या आणि दोन कप घेऊन बाहेर आल्या. त्यांचा सिनिअर दारात कपासाठी हात पुढे करून उभा होता. त्या त्याला ओलांडून माझ्यापाशी आल्या आणि पहिला कप माझ्या हातात दिला.